तोडीची तारीख

वारणेच्या काठावरच्या गावांत संगणक आला तो उसाच्या हिशेबासाठी. येताना त्याच्याबरोबर आणखी पुष्कळ काही येणार होतं: बाजारभाव, आरोग्याचे सल्ले, नोकऱ्यांच्या जाहिराती, पोरांचं शिक्षण, घरबसल्या सरकारी दाखले. त्यातलं बरंचसं वाटेतच राहिलं, हिशेब तेवढा टिकला. १९९८ साली सुरू झालेल्या त्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाबद्दल पुढे जे लिहिलं गेलं, त्यात या गोष्टीची हळहळ बऱ्याचदा दिसते. मला ती कधी पटली नाही.

माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या शाखेत, काउंटरवर गेली. माहेरी ऊस, सासरीही ऊस. गाळप सुरू झालं की उन्हाळा संपेपर्यंत काउंटरच्या पलीकडून एकच प्रश्न यायचा, “ताई, बिल पडलं का?” कारखान्याकडून उसाचं बिल यायचं, विकास सोसायटी त्यातून आपलं पीककर्ज वळतं करून घ्यायची आणि उरलेलं सेव्हिंग खात्याला जमा व्हायचं. जमा झालेला आकडा मनातल्या आकड्याशी जुळला नाही की माणूस बंडीच्या आतल्या खिशातून काटापावत्या काढायचा. घामाने मऊ झालेल्या, चौघडी घातलेल्या. खेप क्रमांक, वाहन क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. एखादी पावती हरवलेली असायची, एखादीवरचा आकडा पुसट झालेला. मी बँकेची, कारखान्याशी माझा काही संबंध नाही, हे सांगून उपयोग नव्हता. टेबलाच्या पलीकडे लिहिता-वाचता येणारं कुणी बसलंय म्हटल्यावर तेच कारखाना, तेच सरकार.

बाहेरच्या वाचकाला उसातलं ‘नोंद’ हे प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. ऊस विकायचा म्हणजे बाजारात नेऊन विकायचा नसतो. लागण केली की कारखान्याच्या गट ऑफिसात तिची नोंद द्यायची: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. आमच्याकडे बहुतेक ८६०३२, आता २६५ सुद्धा; म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ७४० असतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, मग पूर्वहंगामी, मग सुरू, आणि तुटून गेलेल्याचा खोडवा. या नोंदींवर तोडीचा क्रम ठरतो. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात आडसाली ऊस पंधरा-सोळा महिने रानात उभा असतो, त्याला तुरा आला की वजन घटायला लागतं. फेब्रुवारी-मार्च उलटला की पाणी कमी, ऊन जास्त, तोडकऱ्यांच्या टोळ्या घरच्या ओढीने निघायच्या तयारीत. तुमच्या उसाला तोड डिसेंबरात मिळाली की मार्चअखेर, यावर टनेज ठरतं, कर्जाचं व्याज ठरतं, मोकळ्या झालेल्या रानात पुढचं पीक घेता येणार की नाही हे ठरतं. घरात लग्न असेल तर तेही यावरच.

आणि ही तारीख चिटबॉयच्या वहीत असायची.

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा शेतीखात्यातला सगळ्यांत खालचा माणूस. रानोरान फिरून टोळी कुठे आहे, गाडी कुठे भरतेय, कुणाला तोड द्यायची हे बघणारा. पगार बेताचा, मान मात्र जावयाचा. माझे चुलते, आबा, तालमीतले गडी, कुणापुढे मान न वाकवणारे. पण चिटबॉयची मोटारसायकल बांधावर दिसली की चहाची ऑर्डर स्वतः द्यायचे.

“काय रं, आमची तोड कवा?”

“आबा, पुढल्या आठवड्यात बगू की.”

“मागल्या आठवड्यात बी हेच म्हणलास.”

“वरनंच प्रोग्राम आला न्हाई, मी काय करू?”

वरनं म्हणजे कुठून, हे आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो पोरगा वाईट नव्हता. त्याची वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती, एवढंच त्याचं बळ. शेजारच्या रानातला ऊस आपल्यानंतर लागण झालेला असून आधी तुटला, अशी शंका आली तरी पडताळायची कशी? संचालकाचा भाऊबंद असेल, पार्टीचा माणूस असेल, टोळीला आणि ट्रॅक्टरवाल्याला जास्त खुशाली दिली असेल; पारावर सगळं बोललं जायचं. हातात कागद नाही म्हटल्यावर बोलण्याच्या पुढे काही जायचं नाही.

सहकार या सगळ्यावरचं औषध म्हणूनच आला होता, हेही खरं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झालं आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या नदी-नदीवर धुराडी उभी राहिली. वारणेवर ते काम तात्यासाहेब कोरे यांनी केलं. पन्हाळा तालुक्यात कोडोलीजवळच्या माळावर पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस साखर कारखाना, मग दूध संघ, वारणा बाजार, बँक, शाळा-कॉलेजं, अभियांत्रिकी महाविद्यालय, अगदी मुलांचा वाद्यवृंदसुद्धा. आमच्या लहानपणी वारणानगरची सहल म्हणजे काय अप्रूप होतं! कारखान्याची गव्हाण बघायची, दूध संघात सुगंधी दूध प्यायचं आणि परत यायचं.

म्हणून १९९८ मध्ये दिल्लीने गावात संगणक नेण्याचा प्रयोग करायचं ठरवल्यावर वारणानगर निवडलं गेलं, यात नवल वाटलं नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. त्याच्याच पुढाकाराने, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने वारणेचा प्रकल्प आखला गेला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली, नदीच्या दोन्ही अंगांची ७० गावं. खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा. गावोगावी मिळून ५४ केंद्रं. प्रत्येक ठिकाणी संगणक, प्रिंटर आणि तो चालवायला गावातलाच एखादा शिकलेला पोरगा किंवा पोरगी.

तो काळ आठवून पाहा. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला १९९५ च्या १५ ऑगस्टला सुरुवात झाली होती. तेही मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून, टेलिफोनच्या तारेवरून, कर्रकर्र आवाज करत. माझ्या शाखेत अजून लेजर होती आणि व्याज आम्ही हाताने काढत होतो. अशा वेळी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांत संगणक! पाहुणे यायचे, फोटो निघायचे. एखादा म्हातारा शेतकरी पागोटं बांधून पडद्यासमोर बसलाय आणि मागे अधिकारी उभे आहेत, असला फोटो त्या वर्षांत हमखास बघायला मिळायचा.

मग काय झालं? शेतकरी केंद्रावर यायचा आणि विचारायचा, माझी नोंद लागली का, तोड कधी, खत किती उचललंय, कालच्या खेपेचं वजन किती. पोरगा बघून सांगायचा, प्रिंट काढून द्यायचा. शेतकरी घरी जायचा. बाजारभाव कुणी विचारायचं नाही.

का विचारावा त्याने? ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा हे सभासद होतानाच ठरलेलं. गिऱ्हाईक एकच असलेल्या माणसाला दहा बाजारांचे भाव दाखवून काय उपयोग? सरकारी दाखल्यांचं म्हणाल, तर सातबारा तेव्हा तलाठ्याच्या दप्तरात हाताने लिहिलेला होता. तिकडे संगणक नाही तर इकडच्या संगणकात दाखला येणार कुठून? आणि जगाच्या ज्ञानाची खिडकी म्हणावी, तर त्या खिडकीत मराठी नव्हतं. जिथे तिथे वेगळे फाँट, एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोन होऊन यायचं. मराठी विकिपीडिया सुरू झाला तोच २००३ मध्ये. योजना आखणाऱ्यांनी गावाला काय काय लागेल याची यादी चांगल्या मनाने केली होती यात शंका नाही. पण ती यादी गावात बसून झालेली नसावी. गावाने त्यातली एकच ओळ ठेवली आणि बाकीच्या खोडल्या. ती एक ओळ मात्र घट्ट धरली.

याच सुमाराला असलेच प्रयोग इतरत्रही चालू होते, त्यांच्याकडे बघितलं की वारणेचं जास्त कळतं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात २००० च्या जानेवारीत ‘ज्ञानदूत’ सुरू झाला. जिल्हा प्रशासनाचा प्रकल्प, गावोगावी सूचनालयं, मंडीचे भाव, तक्रार अर्ज. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला, कौतुकही फार झालं. पण वीज आणि जोडणी यांचा भरवसा नव्हता, आणि तक्रारीला उत्तर द्यायचं तर ते साहेबाच्या उत्साहावर. साहेबांच्या बदल्या होतात.

पुदुच्चेरीचं उदाहरण मला त्याहून आवडतं. एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ मध्ये तिथल्या गावांत माहिती केंद्रं काढली. संस्थेची अट अशी की जागा गावाने द्यायची, आणि ती अशी की जिथे कुठल्याही जातीच्या माणसाला, बाईला आत येता आलं पाहिजे. वीज बेभरवशाची म्हणून सौर पॅनेल, फोन नाही म्हणून बिनतारी संच. वीरमपट्टिणम हे कोळ्यांचं गाव. तिथल्या केंद्रात अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून बंगालच्या उपसागरातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घ्यायचे आणि गावात लावलेल्या कर्ण्यावरून तमिळमध्ये ओरडून सांगायचे. उद्या लाट इतकी, वारा असा. कोळ्याला संगणक शिकायची गरज नाही, केंद्रापर्यंत यायचीही नाही. जाळं विणता विणता कानावर पडलं की झालं. नल्लवाडू नावाच्या अशाच एका गावात २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीच्या दिवशी, सिंगापूरला कामाला असलेल्या गावच्याच एका माणसाने टीव्हीवर बातमी बघून फोन केला. केंद्राचा कर्णा होता, तो चालवायची सवय होती. साडेतीन हजारांवर वस्ती वेळेत मागे सरली. घरं गेली, बोटी गेल्या, माणसं वाचली.

लाटेची उंची आणि तोडीची तारीख या दोन्ही पोटाला लागणाऱ्या गोष्टी. फरक इतकाच की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही आणि कारखान्याची वही कारखान्याच्या मालकीची आहे. वारणेचं केंद्र चाललं, कारण त्यामागे कारखाना उभा होता. ज्ञानदूतसारखं ते साहेबाच्या बदलीबरोबर ढासळलं नाही, कारण चालकाचा पगार आणि दुरुस्तीचा खर्च एक संस्था स्वतःच्या गरजेपोटी करत होती. पण म्हणूनच त्या संगणकात जे दिसायचं ते कारखान्याला दाखवायचं तेवढंच. शेतकरी विचारू शकत होता, ‘माझं वजन किती?’ ‘माझ्या आधी तोड कुणाला दिली, आणि का?’ हे त्या पडद्यावर विचारायची सोय नव्हती.

तरी मी म्हणेन, पहिला प्रश्न विचारता येणं ही लहान गोष्ट नाही. आबांच्या आयुष्यात तेवढंही झालं नाही.

पुढे मोबाइल आले. २००७ च्या आसपास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा वारणेला येऊन बघून गेले, की या संगणकांचं नेमकं काय होतंय. त्यांना दिसलं ते असं: यंत्रं म्हातारी झालेली, जोडणी रडतखडत, आणि काम जवळजवळ सगळं उसाच्या आकड्यांचं. त्यांनी सरळ विचारलं, एवढ्यासाठी संगणक हवा कशाला? मुख्य केंद्रात एक संगणक, त्याला जोडलेला एक मोबाइल, आणि गावांत साधे फोन. माहिती एसएमएसने पाठवायची, एसएमएसने मागवायची. सात गावांत आठ महिने हे चालवून बघितलं. चाललं. खर्च कमी, आणि केंद्र उघडायची वाट बघायला नको. रानातून, रात्री-अपरात्री केव्हाही विचारता येतं. शोधनिबंधाचं नावच त्यांनी ठेवलं ‘वारणा अनवायर्ड’. तोयामा यांनी पुढे, २०१५ मध्ये, ‘गीक हेरेसी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यंत्र समाजात आहे तेच वाढवून दाखवतं. नाही ते निर्माण करत नाही. मला ते बऱ्याच अंशी मान्य आहे. एकाच गोष्टीची भर घालावीशी वाटते: समाजात आहे ते म्हणजे फक्त वरच्याची सत्ता नसते, खालच्याची शंकाही असते. तीसुद्धा वाढते.

ही शंका सगळ्यांत जास्त काट्याबद्दल. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की आकडा दिसतो तो काट्यावरच्या कारकुनाला आणि ड्रायव्हरला. शेतकरी तेव्हा घरी असतो. पूर्वी पावती ड्रायव्हरच्या हाती यायची, ती दोन-चार दिवसांनी मिळायची, कधी पुढच्या खेपेबरोबर. तोवर ऊस गव्हाणीत जाऊन त्याची साखर झालेली असायची; भांडायचं कशावर? आता बहुतेक कारखान्यांकडून वजन होताच मोबाइलवर मेसेज येतो. माझ्या पुतण्याने गेल्या हंगामात बाहेरच्या खासगी काट्यावर गाडी आधी तोलून मग कारखान्याला पाठवली आणि मेसेज आल्यावर दोन्ही आकडे शेजारी ठेवले. फरक नव्हता. शेतकरी संघटना काटे डिजिटल करा, ऑनलाइन करा म्हणून वर्षानुवर्षं ओरडत आल्या. त्यांच्या ओरडण्याला कारण होतं की नव्हतं हे त्या त्या काट्यालाच ठाऊक, पण आता निदान प्रत्येक वेळी शपथा घ्याव्या लागत नाहीत.

मेसेजची एक गंमत सांगते. आमच्या सासरच्या चुलत घरात एक काकी आहेत. शेती सगळी त्यांच्या अंगावर, पाणी पाजण्यापासून टोळीला भाकरी देण्यापर्यंत. शाळा नाही, पण आकडे पक्के ओळखतात. नोंद त्यांच्या थोरल्या मुलाच्या नावावर, तो पुण्याला चाकणच्या कंपनीत. नोंदीला नंबरही त्याचाच. म्हणजे रानात उभ्या असलेल्या काकींना आपल्या उसाचं वजन कळायला पोराच्या शिफ्टची सुट्टी व्हावी लागायची. “ऊस माझ्या डोळ्यासमोरनं गेला आणि वजन चाकणला पोचलं,” त्या म्हणायच्या. शेवटी गट ऑफिसात जाऊन नंबर बदलून घेतला. तिथला बाबू म्हणाला, सातबारावर तुमचं नाव नाही. काकी म्हणाल्या, सातबारा नको, फोन बदल. बदलला. सातबारावर नाव लागायचं अजून बाकीच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप आलं तेव्हा मात्र खेळ पालटला, कारण माहिती कारखान्याच्या हातची राहिली नाही. पूर्वी कुठल्या कारखान्याने पहिली उचल किती दिली हे कळायचं ते जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत, नाहीतर पै-पाहुण्यांकडून. आता एका कारखान्याने दर जाहीर केला की तासाभरात कृष्णा, वारणा, पंचगंगा या सगळ्या खोऱ्यात तो फिरतो. उसाला १४ दिवसांच्या आत पैसे द्यायचे हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. माझ्या काउंटरवर येणाऱ्या शेकड्यातल्या एकालाही तो माहीत नव्हता. आता गाईचं दूध काढणारा पोरगाही ‘एफआरपी थकली’, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर मिळाला नाही, असं म्हणतो आणि किती दिवस थकली तेही सांगतो. कारखान्यांना हे आवडतं असं नाही. पण बिल वेळेत काढायचा दबाव संचालक मंडळाच्या खोलीत आता बाहेरूनही येतो.

यातून चांगली कामं उभी राहिली. सांगलीकडच्या तरुणांचा ‘होय आम्ही शेतकरी’ हा समूह घ्या. पिकाचा फोटो टाकायचा आणि जाणत्याने उत्तर द्यायचं, एवढ्यावर सुरू झालेली गोष्ट. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली, आधी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे मक्यावर, उसावरही. पोंग्यात भुसा पडलेला दिसतोय, हे काय, असे फोटो गटागटांतून फिरले. कृषी सहायक गावात पोचण्याआधी लोकांना अळीच्या डोक्यावरची उलटी ‘वाय’ ओळखता यायला लागली होती.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट. चांदोली धरणातून वारणेत पाणी, कोयनेतून कृष्णेत, वरून पाऊस थांबायला तयार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत उसाच्या दराचे, खताचे, दूध संघाचे जेवढे म्हणून ग्रुप होते ते सगळे पुराचे ग्रुप झाले. कुठल्या गावात बोट हवी, कुठे बाळंतीण अडकलीय, कुणाच्या गोठ्यात उंचावर जागा आहे, कुठल्या शाळेत जेवण चालू आहे. पुण्या-मुंबईची, दुबईचीही पोरं रात्रभर जागून याद्या करत होती. त्याबरोबर धरण फुटलं, पूल गेला असले खोटे मेसेजही तितक्याच वेगाने फिरले. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अशाच एका मेसेजने मध्यरात्री गच्चीवर जाऊन बसली. पुदुच्चेरीच्या कर्ण्यात ही भानगड नव्हती: बोलणारा कोण ते गावाला माहीत, आणि उद्या त्याला गावातच राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी एका ग्रुपने नियम केला की पाण्याची पातळी टाकायची तर पट्टीचा फोटो वेळेसकट टाकायचा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा हा नियम कामाला आला.

हे सगळं झालं ऊस पिकवणाऱ्यांचं. ऊस तोडणाऱ्यांचं या इतिहासात नाव येत नाही, कारण त्या संगणकात ते नव्हतं. बीडकडून, जतकडून, विजापूरकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या दप्तरी टोळी मुकादमाच्या नावाने. मोजायची ती कोयत्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल नवऱ्याच्या नावाने घेतलेली, तिचा हिशेब मुकादमाच्या खिशातल्या डायरीत. म्हणजे माझ्या आबांची जी गत १९८० साली होती, दुसऱ्याच्या वहीतली आणि स्वतःला वाचता न येणारी, ती या माणसांची अजून आहे. बायकांचं तर त्याहून वाईट. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. महिला किसान अधिकार मंचाच्या, म्हणजे मकामच्या कार्यकर्त्या हा विषय गावोगाव फिरून लावून धरतात. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कामगार कल्याण महामंडळ झालं, कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे असं ठरलं, आणि गावच्या ग्रामसेवकाने ओळखपत्र द्यायचं असंही. टन किती ते कारखान्याला किलोपर्यंत माहीत असतं. ऊस तोडणारी माणसं किती, हा आकडा मात्र अंदाजाने सांगतात, आणि सांगणाऱ्यागणिक बदलतो.

नोंद अगदीच होत नाही असंही नाही. मुकादमांनी उचल घेऊन टोळी न आणल्याने आमच्याकडचे वाहतूकदार फार बुडाले. जमिनी विकाव्या लागल्या काहींना. त्यामुळे आता करार करताना मजुरांची आधार कार्डं, फोटो मागून घेतात. नावं आली, पण पैसे बुडू नयेत म्हणून आली. त्याच यादीवरून फडावर दवाखान्याची गाडी पाठवता येईल, पोरांचे शाळेचे दाखले इकडे मागवता येतील, आणि कोयत्यातल्या बाईच्या खात्यावर तिचे पैसे वेगळे टाकता येतील. बँकेत एवढी वर्षं काढल्यामुळे सांगते, खातं उघडायला दहा मिनिटं लागतात.

वडिलांच्या मागे त्यांचा शेअर माझ्या नावावर झाला आहे, त्यामुळे मी सभासद आहे. सप्टेंबरात सर्वसाधारण सभा असते आणि अहवालावरचे प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात. यंदा माझा प्रश्न असा: कारखान्याकडे गेल्या हंगामात किती स्त्रियांनी ऊस तोडला, नावानिशी सांगावं.